एका हाडाची दोन घरं

पंचफुले, तुह्या उजव्या गुडघ्याची वाटी माह्याजवळ आहे. हे कोणाले सांगितलं नाही. तुह्या भावाले नाही, आपल्या लेकाले, विजूले नाही. पहिले तुलेच सांगतो. तुह्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून कोनाड्यात ठेवली आहे, खड्याच्या मिठाच्या बरणीमागं. तिथं कोणी हात घालत नाही. सून आली तरी पाकिटातलं मीठ वापरते.

तू म्हणशीन, चोरी केली का? हो, केली. राखेतून उचलली आणि खिशात टाकली. महिना होत आला. रोज काढतो, पाहतो, परत ठेवतो. आपल्या पेटीत ठेवावी, तर कोणत्या खणात ठेवावी हे ठरत नाही. आपलं भांडण तिथंच तर अडकलं होतं. भांडण अर्धं टाकून तू गेली. अशी सवय तुले आधी नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात लोक लय बोलले. तुहा भाऊ नामदेव उभा राहून म्हणाला, माही बाई कष्टाळू होती, मायाळू होती. मेल्यावर सगळ्याच बाया मायाळू होतात. मी कासवाच्या पाठीले टोपण म्हणालो म्हणून तू तीन दिवस मले भाकर वाढली नव्हती. हाताने घेऊन खाल्ली मी. ते कोणी बोललं नाही. तू डोक्यानं कशी होती, तेही कोणी बोललं नाही. म्हणून मी लिहून राह्यलो, रोज थोडं थोडं. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. तुले तर अक्षर येत नव्हतं, त्यामुळं वेलांट्यांची भीती नाही. लिहून झालं का मोठ्यानं वाचून दाखवतो, नेहमीसारखं.

तू पहिल्यांदा माहं कॉलेज पाहिलं तो दिवस आठव. तुह्या डोळ्याले पाणी येत होतं म्हणून वाशीमले डॉक्टरकडं आलतो. रिठदची गाडी निघायले दोन तास होते. स्टँडवर बसण्यापेक्षा म्हटलं चाल, मी कुठं काम करतो ते पहा, तिथं पंखा आहे. तवा माही नोकरी सरत आलती. इतकी वर्षं तू डबा बांधून दिला, पण डबा कुठं उघडतो ते पाहिलं नव्हतं.

प्राणिशास्त्राच्या खोलीत मी शिपाई. बरण्या पुसणं, सापळ्यावरची धूळ झटकणं, पोरं हाड घेऊन पळाले तर परत आणणं. खोलीच्या मधोमध वासराचा सापळा उभा होता, आणि तो मी बांधलेला होता. जुन्या सरांनी पोतंभर हाडं देऊन सांगितलं होतं, बांध. एक पूर्ण उन्हाळा लागला. सोड्याच्या पाण्यात उकळणं, वाळवणं, भोकं पाडणं, तार ओवणं. त्या सापळ्याचा मले गर्व होता. तुले तो दाखवावा म्हणूनच खरं तर तुले तिथं नेलं.

तू त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मग खाली बसली आणि पुढच्या पायाले हात लावून म्हणाली,

"अवो, याच्या मनगटाले वाटी कोनं लावली?"

"मनगट काय म्हनतं? गुडघा हाय तो. सारं गाव गुडघा म्हनते."

"गुडघा मांग हाय, पोटाजवळ. हा तर हात हाय याचा. गाय नखावर उभी राह्यते, बोटाच्या टोकावर. तुमी तं बिचाऱ्याले रांगायले लावलं."

मांगून हसू आलं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम दारात उभ्या होत्या. नवीनच आलत्या तवा. मले वाटलं जमीन फाटावी. त्या सापळ्यासमोर बसून कितीक पोरांनी चित्रं काढली, मार्क घेतले, काही तर मास्तर होऊन गेले. पुढच्या पायाले गुडघा म्हणतात, गुडघा म्हटलं का वाटी पाहिजे, एवढाच माहा हिशेब. मागच्या पायाच्या दोन्ही वाट्या मी आणून पुढं बसवल्या होत्या. आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण सगळे नाव वाचत होते, हाड कोणी पाहत नव्हतं.

मॅडमनं तुले इचारलं, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"शेजार पायला."

"म्हणजे?"

"हाडाले त्याचं नाव इचारू नये, मॅडम. रूपही पाहू नये, ते फसवते. शेजारी कोन राह्यते ते इचारावं. हे पहा, खांद्याचं पातं. त्याच्या खाली एक हाड. मंग दोन. मंग ही खड्यायची रास. आता माहा हात पहा. एक, दोन, आन ही रास." तू बांगड्या वर सारल्या आणि मनगट मॅडमच्या नाकासमोर धरलं. "माह्या मनगटाले वाटी हाय का?"

मॅडमनं स्वतःची खुर्ची तुले दिली. माह्या नोकरीत त्या खोलीत मले कोणी खुर्ची दिली नव्हती. रिठदपर्यंतच्या गाडीत मी तुह्याशी बोललो नाही. तू खिडकीतून पाहत बसली आणि मधीच हसत होती. ते हसू मले लागलं होतं. आज ते पुन्हा ऐकायले मिळालं तर मी आणखी दहा वासरं चुकीचे बांधीन.

मग ते यादीचं काम आलं. मॅडमनं समजावलं तसं सांगतो. हाडं सगळ्यांजवळ आहेत. आपल्या कॉलेजात आहेत, दुसऱ्या कॉलेजात आहेत, जनावराच्या दवाखान्यात, जंगलवाल्याच्या कपाटात. पण मासेवाला माशाच्या हाडाले एक नाव देते, कोंबडीवाला त्याच नावानं दुसरंच हाड दाखवते, ढोराचा डॉक्टर तिसरं. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याले जुळत नाही. म्हणून सगळ्यांची मिळून एकच यादी करायची. पाठीचा कणा आहे असा जो जो जीव आहे, मासा, बेडूक, पाल, कोंबडी, बकरी, माणूस, सगळ्यांची हाडं तिच्यात बसली पाहिजेत. प्रत्येक हाडाले एक नंबर. हाड कुठं राह्यते, कशातून जन्मते, शेजारी कोण. दूरदूरचे लोक कॉम्प्युटरवर असं करून राह्यले होते, मॅडम त्यांच्याशी जुळवायच्या. मराठी नावं आणि आपल्या भागातले जीव, हे काम आपल्याकडं.

पगार बंद झाला, मी रिटायर झालो, तरी मी पोतं खांद्यावर घेऊन वाशीम ते रिठद करायचो. तू ओट्यावर बारदाना टाकून बसायची. मी वही धरायचो. तू हाड हातात घ्यायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "हं, लिहा."

हे तू कुठं शिकली ते मले लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळलं. तुह्या आजीनं तुले शिकवलं होतं, बांधावर फिरता फिरता. तिच्या काळात गाव मेलेलं ढोर आपल्या लोकांच्या दारात टाके आणि आपल्या लोकांनी ते ओढावं, सोलावं, वाटून घ्यावं. त्या वाटणीत कोणतं हाड कोणत्या अंगाचं हे म्हातारीले माहीत करून घ्यावंच लागलं. दीक्षा घेतली आणि तुह्या बापानं ते सगळं हातातून टाकून दिलं. बरंच केलं. पण म्हातारीच्या डोक्यातलं कुठं टाकणार? ते तिनं तुह्या डोक्यात ठेवून दिलं.

नामदेवले ते सहन होत नव्हतं. ओट्यासमोर उभा राहून एकदा म्हणालाच, "बाई, बापानं हे हातचं टाकलं. गावानं थुंकलं तरी पुन्हा हात लावला नाई त्यानं. आन तू बसून चाळून राह्यली?"

"बापानं ओढनं टाकलं, नामदेवा. मी कुठं ओढून राह्यली? मी वळखून राह्यली."

"लोक काय म्हनतीन?"

"तवा गाव हुकूम देये आन आपली मानसं उचलत. आता मी तोंडानं सांगतो आन कॉलेज लिहून घेते. इतका फरक दिसत नसन तं डोळे दाखव वाशीमले. मीच नेतो तुले."

नामदेव चहा न घेता गेला. मी हसलो. पण आता वाटते, त्याचंही दुखणं खरं होतं. त्याच्या अंगावर बापाची लाज होती, ती त्यानं धुऊन धुऊन काढली होती. तुह्या हातातलं हाड पाहून ती त्याले पुन्हा दिसे.

कासवाचं मघा म्हणालो. कॉलेजातली जुनी पाठ मी आणली होती. मी वहीत लिहिलं, टोपण, अंगाबाहेरचं. तू ती पालथी केली आणि आतून बोट फिरवलं. "फासळ्या हायेत ह्या. एकमेकीले चिकटून पसरल्या. हे टोपन नाई, ही त्याची छाती-पाठ हाय. खोडा." मी खोडलं नाही. मग तीन दिवस भाकर नाही. मॅडमनं पुस्तक उघडून दाखवलं तवा खोडलं. असं प्रत्येक वेळी. पुस्तकानं सांगितलं तर मी ऐकत होतो, तू सांगितलं तर नाही. हे तुह्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता करतो. उशीर झाला.

पण वाटीचं मी पुस्तकाचंही ऐकलं नाही.

वासरानं माही लाज काढली होती, म्हणून वाटी हा माह्या इज्जतीचा प्रश्न झाला होता. मी म्हणालो, वाटी पायाची. पायाच्या हाडात लिहायची, पायाच्या खणात ठेवायची. तू म्हणाली,

"पायात राह्यते. पन तिचा जन्म पायाच्या हाडायसंग नाई. मांडीवरून शीर उतरते ना जाड दोरीवानी, तिच्या पोटात जन्मते. लहान लेकराच्या गुडघ्यात चाचपून पहा, लोण्यावानी लागते. मांगून घट्ट होते. तिचं खानदान येगळं."

"एक हाड, एक घर. नाई तं यादी कायले पायजे?"

"कावो? बाईचे दोन घरं असतेत ना? माहा जन्म कुठचा आन राह्यतो कुठं? मले टाका पाहू कोन्या एका रकान्यात."

मॅडम म्हणाल्या, दोन्ही खरं आहे, कॉम्प्युटरच्या यादीत एक हाड दोन घरात बसू शकते, राहण्याच्या घरात आणि जन्माच्या घरात. पण आपल्या मराठी कागदावर आणि लाकडी पेटीत जागा एकच, तुमचं दोघांचं ठरलं का मले कळवा. त्या हसून गेल्या आणि आपलं ठरलं नाही.

ती पेटी मी जुन्या टेबलाच्या खणांची करून घेतलती. बकरीची वाटी मी पायाच्या खणात ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर ती कोपऱ्यातल्या रिकाम्या खणात गेलेली. मी उचलून परत पायात. तू परत कोपऱ्यात. आपण बोलत नव्हतो त्याबद्दल, फक्त वाटी फिरत होती. अख्खा हिवाळा ती बकरी मेल्यावरही चालत होती. एकदा मी पेटीले कुलूप लावलं, तर तू त्या कुलपाच्या किल्लीनं माह्यासमोर बसून कान कोरला. असं सुख होतं ते. सुख आहे हे तवा कळलं नाही.

मग तुह्या खुब्यात दुखू लागलं.

आधी तेल लावलं, मग शेकलं. मग तू बसल्या जागेवरून उठेना. अकोल्याले नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाच्या पाटीवर लावला आणि विजूले बाहेर बोलावलं. तू आणि मी आत राह्यलो. तू स्ट्रेचरवरून मान वळवून फोटो पाहत होती. मले म्हणाली,

"ही माह्या मांडीची मुंडी. पहा कशी झाली. वाळवी लागलेल्या लाकडी बल्लीवानी."

"तुले काय कळते फोटोतलं?"

"शेजार तोच हाय ना. मले नाई कळन तं कोनाले कळन?"

डॉक्टरनं विजूले जे बाहेर सांगितलं ते तुले आत आधीच कळलं होतं. रोग दुसरीकडचा होता, हाडात उतरला होता. जिची जिंदगी हाडं ओळखण्यात गेली तिच्या हाडातच तो जाऊन बसला. याचं मी काय करू? कोणाले शिव्या देऊ? आपल्यात देवही नाही शिव्या द्यायले.

घरी आणलं. तू पडल्या पडल्या यादीचं इचारायची. मी वाचून दाखवायचो. मासा भरला. बेडूक भरला. घोरपड, कोंबडी, बकरी, वासरू. माणसाचा रकाना रिकामा. मी म्हणालो, मॅडम प्लास्टिकच्या सापळ्यावरून भरणार आहेत.

"प्लास्टिकले कायचा शेजार? साचा बनवनाऱ्यानं लावला तसा. तुमच्यावानी कोनी असला मंजे?" मग तू माह्या हातातली वही मिटवली. "माहं शरीर देजा. डॉक्टरकीच्या मोठ्या कॉलेजले. त्यायले शिकायले होईन, आन मॅडमले रकाना भरायले होईन."

मी म्हणालो, काहीही बोलू नको.

"कायले? ढोराचं चालते, माह्यं नाई चालत? माह्या आजीनं गावासाठी जबरदस्तीनं केलं. मी माह्या मर्जीनं देऊन राह्यली. हो म्हना."

"हो."

"नुसतं तोंडानं नोका म्हनू. फारम आना."

मॅडमनं फॉर्म आणून दिला. तू अंगठा लावला. खाली घरच्या दोन माणसांच्या सह्या लागत होत्या. मी म्हणालो, विजू आला का करू दोघं. आणि फॉर्म लोखंडी पेटीत राशनकार्डाखाली ठेवला. विजू आला. गेला. पुन्हा आला. मी तो फॉर्म काढला नाही.

तू गेली तवा दुपार होती. बाया जमल्या, तुले न्हाऊ घालायले पाणी तापलं. विजू माह्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मायनं काही सांगून ठेवलं होतं का?"

मी म्हणालो, "नाई."

एवढंच बोललो. नामदेवची भीती नव्हती मले, लोकांचीही नव्हती. ते म्हणतीन नामदेवमुळं, पण खोटं आहे. खरं कारण ऐक. मले माहीत आहे शरीराचं काय करतात. सोड्याचं पाणी मी उकळलेलं आहे. भोकं मी पाडलेली आहेत. मले दिसलं, तुले कोणीतरी माह्यासारखाच चौथी शिकलेला शिपाई तारेत ओवीन, त्याची जेवायची घाई असन, आणि तुही वाटी तो भलतीकडंच लावीन. आणि तिथं बसून चूक काढायले तू नसशीन. हे मले पाहवलं नाही. म्हणून मी तुले जाळलं. तुहं शेवटचं बोलणं खोटं पाडलं आणि तुह्या लेकाले खोटं सांगितलं, तुह्या अंगावर पांढरं पडायच्या आधी.

तिसऱ्या दिवशी राख गोळा करायले गेलो. मी, विजू, नामदेव आणि चारदोन माणसं. बाकीच्यांले ती राख आणि तुकडे दिसत होते. मले तू दिसत होती, डोक्यापासून पायापर्यंत, आपल्या जागेवर झोपलेली. हे फासळ्यांचे तुकडे. ही मांडीची मुंडी, तीच, पोखरलेली. हे मनगटाचे खडे, ज्यांच्यावर तू मॅडमसमोर बांगड्या वर सारल्या होत्या. मले कोणाले इचारायचं काम नव्हतं. असं ज्ञान कोणाच्या वाट्याले येऊ नये.

नामदेवनं मानेजवळून एक तुकडा उचलला, तळहातावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले. "पहा, पहा. जसा बुद्ध ध्यानात बसला." माणसांनी हात जोडले.

माह्या तोंडून निघून गेलं, "मानेचा दुसरा मणका हाय तो. बकरीत बी असते."

"भाऊजी, आजच्या दिवशी तरी!"

तो रडत होता. मी चूप बसायले पाहिजे होतं. पण तू असती तर तूही हेच म्हणाली असती ना? म्हणाली असती, आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. मी अर्धंच केलं.

त्याच गडबडीत वाटी दिसली. उजव्या बाजूले, पांढरी, एका कडेनं तडकलेली. मी बसलो, पायताण नीट केल्यासारखं केलं आणि उचलली. गरम नव्हती, पण हाताले पोळली. विजूनं पाहिलं असावं. त्यानं मान वळवली. बाकीची राख आपल्या वावरात निंबाखाली पुरली. नदीत सोडू नका, मासे परेशान होतात, हे तू सांगितलेलं तेवढं पाळलं.

मांडवाच्या दिवशी मॅडम आल्या होत्या. गर्दी कमी झाल्यावर माह्याजवळ खाली बसल्या. "बाबा, आजींनी मला फॉर्मचं सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. मी मान वर केली नाही. उठता उठता बोलल्या, "माणसाचा रकाना मी रिकामाच ठेवते. आणि वाटीचं तुमचं ठरलं का सांगा." रिकाम्या रकान्याचं ऐकून मले कोणी चापट मारल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या शनिवारी विजू आला. मी पेटी उघडली आणि फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. त्यानं वाचला. तुह्या अंगठ्यावर त्यानं स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, लहानपणी आपल्या पावलावर पाऊल ठेवून पाहायचा तसा.

"बाबा, तुमी नाई म्हनले होते."

"हो."

"काहून?"

"तारेत ओवतीन म्हनून."

तो माह्याकडं पाहत राह्यला. त्याले वाटलं असन मी आणखी काही सांगीन. "मी सही केली असती," तो म्हणाला. "मायनं मले बी सांगितलं होतं. मले वाटलं तुमीच काढसान विषय." मग फॉर्म घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि निंबाकडं निघून गेला. त्या दिवशी तो माह्या घरी जेवला नाही. परत गेला तवा जातो म्हणाला, येतो म्हणाला नाही. तुह्या पोटचाच आहे, उपाशी राहून बोलते.

म्हणजे आम्ही दोघंही वाट पाहत होतो, तो माही आणि मी त्याची, आणि मधात तुही इच्छा राशनकार्डाखाली पडून होती. ही चूक वासराच्या वाटीसारखी नाही. ही तार सोडून पुन्हा बसवता येत नाही.

मॅडमले काल फोन केला. म्हटलं, लिहा. वाटी, राहते पायात, जन्म शिरेत. मराठी कागदावर एकच जागा असन तर जन्माची जागा द्या. आणि खाली लिहा, हे पंचफुलानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "नाव तर मी आधीच घातलं आहे, बाबा. तुमच्या आधी." म्हटलं, बरोबर केलं.

आज सकाळी पेटी ओट्यावर घेतली. बकरीची वाटी पायाच्या खणात होती. तुह्या दुखण्याच्या आधी शेवटची चाल माही होती, आणि त्यानंतर तू उठून पेटीपर्यंत गेलीच नाही. मी जिंकलो होतो. ती उचलली आणि कोपऱ्यातल्या खणात ठेवली, तू ठेवायची तिथं. मग चिंधी सोडली. तुही वाटी पाटावर ठेवली, टोक समोर करून. मॅडमनं शिकवलं होतं, माणसाची वाटी ज्या पायाची असते त्या बाजूले कलते. ती उजवीकडं कलली. जळून, तडकून, तरी उजवीकडंच.

मग तीही त्याच कोपऱ्यातल्या खणात ठेवली. प्रत्येक हाडासोबत आपण चिठ्ठी ठेवायचो, तशी लिहायले घेतली. नाव, वाटी, माणसाची, उजवी. राहते गुडघ्यात. जन्म शिरेत. शेजार, वर मांडीचं हाड, खाली नळीचं. ते शेजारी आता निंबाखाली आहेत, पण तसं लिहायची रीत नाही. शेवटची ओळ, कुठून आलं. बकरीच्या चिठ्ठीवर रिसोडचा बाजार आहे. वासराच्या चिठ्ठीवर कॉलेज. इथं पेन थांबला.

मग लिहिलं, घरून.

चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली, नावापासून शेवटपर्यंत. आणि तू काही चूक काढशीन म्हणून थोडा वेळ पेन उघडाच धरून बसलो.